नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलांचे प्रकल्प पाहायला गेले होते. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी छोटी यंत्रणा उभी केली होती. कोणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, एसएनएफ किती, पंधरवड्याचं बिल किती झालं, हे सगळं शेतकऱ्याला मोबाइलवर दिसत होतं. महाविद्यालयानं अडगळीत टाकलेला एक संगणक तिनं मागून घेतला होता. त्यावर लिनक्स चढवलं, वेब सर्व्हर बसवला. शिकवायला कुणी नव्हतं. रात्री जागून, इंग्रजी माहितीपत्रकं वाचून तिनं हे एकटीनं केलं होतं.

बोलता बोलता त्या वेब सर्व्हरचं नाव घ्यायची वेळ आली. एन, जी, आय, एन, एक्स अशी त्याची अक्षरं. तिनं ती दिसली तशी उच्चारली, ‘न्गिंक्स’. शहरातून आलेले एक परीक्षक हसले. ‘अगं, इंजिन-एक्स म्हणतात त्याला. चार महिने वापरतेस आणि नावसुद्धा माहीत नाही?’ मागची मुलंही हसली. पुढची दहा मिनिटं तिनं ते नाव घेतलंच नाही. ‘हे सॉफ्टवेअर’, ‘ते टूल’ असं म्हणत राहिली. हातातल्या स्पायरल बाइंडिंगच्या वहीवर बोटं घट्ट आवळलेली, आवाज खाली गेलेला. त्या वहीत तेच नाव पानोपानी अचूक टंकलेलं होतं.

मराठीत एका अनुस्वारानं केवढा फरक पडतो! नाव ठेवणं म्हणजे बारसं करणं, नव्या जिवाला जगात घेणं. नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं, माणसाला बाहेर ढकलणं. त्या दिवशी त्या खोलीत दुसरी गोष्ट घडली, आणि ती सॉफ्टवेअरच्या जगात रोज घडते. म्हणून नावांबद्दल लिहिते आहे. ओपन सोर्सनं कोड सगळ्यांना मोकळा करून दिला, हे या काळातलं फार मोठं दान आहे. पण नाव, चित्र आणि उच्चार यांचं दान तेवढ्या सहज होत नाही. ते विचारपूर्वक करावं लागतं.

आपल्याकडे बारशाला नाव कुणीही सुचवो, ते बाळाच्या कानात सांगायचा मान आत्याचा. ती ‘कुर्रर्र’ करून कानाशी वाकते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात. लिनक्सचं बारसं थोडंफार असंच झालं. 1991 साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कार्यप्रणालीचं नाव ‘फ्रीक्स’ ठेवायचं ठरवलं होतं. स्वतःच्या नावावरून नाव द्यायचा त्यांना संकोच वाटत होता. ज्या सर्व्हरवर ती फाइल ठेवायची होती, त्याची देखभाल आरी लेम्के करत. त्यांना ‘फ्रीक्स’ रुचलं नाही. त्यांनी न विचारता ‘लिनक्स’ नावाचा फोल्डर उघडला, आणि तेच नाव जगभर गेलं. बापाच्या मनातलं नाव मागे पडलं, आत्यानं सांगितलं ते रूढ झालं.

या जगातली कितीतरी नावं अशीच घरातली आहेत. 1993 साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या ‘डेबियन’ या लिनक्स-संचाच्या नावात त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव आणि त्यांचं स्वतःचं नाव जोडलेलं आहे. फिनलंडच्या मोंटी विडेनियस यांनी डेटाबेसला थोरल्या मुलीचं नाव दिलं, त्यातून ‘मायएसक्यूएल’ झालं. पुढे दुसरा डेटाबेस काढला त्याला धाकटीचं, म्हणून ‘मारियाडीबी’. खिदो व्हान रोसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत जी भाषा लिहायला घेतली, तिचं नाव एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ‘पायथन’ ठेवलं. सापाचं चित्र नंतर आलं. ही नावं कुणा जाहिरात संस्थेनं बाजार पाहून ठरवलेली नाहीत. माणसांनी जीव लावून ठेवलेली आहेत, त्यामुळे ती जवळची वाटतात. पण घरात ठेवलेलं नाव घेऊन मूल जगात जातं, तेव्हा त्याचं कायद्याशी, बाजाराशी आणि परक्या जिभांशी नातं जुळतं. प्रश्न तिथून सुरू होतात.

पहिला प्रश्न मालकीचा. ओपन सोर्सचा परवाना सांगतो: हा कोड वापरा, वाचा, बदला, वाटा, विका. नाव आणि बोधचिन्ह यांचा कारभार मात्र वेगळ्या कायद्याखाली, व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली चालतो. हे किती वेगळं असू शकतं ते 2006 साली दिसलं. डेबियनच्या लोकांनी मोझिलाचा फायरफॉक्स हा ब्राउझर आपल्या संचात घेतला होता, पण कोल्ह्याचं अधिकृत चित्र वगळून. कारण त्या चित्राचा परवाना त्यांच्या मोकळेपणाच्या कसोटीला उतरत नव्हता. मोझिलानं सांगितलं, नाव वापरायचं तर चित्रही हवं, आणि तुम्ही केलेल्या बदलांना आमची मान्यता हवी. डेबियननं नावच सोडलं. कोड तोच, पण नाव ‘आइसवीझल’. तब्बल 10 वर्षांनी, 2016 साली, समेट झाला आणि फायरफॉक्स हे नाव परत आलं.

यात मोझिलाचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. कोड मोकळा असला की कुणीही त्यात काहीही मिसळू शकतो. मग वरचं नावही मोकळं सोडलं, तर वापरणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? 2022 साली भारतात व्हीएलसी प्लेअरचं अधिकृत संकेतस्थळ कित्येक महिने बंद होतं. नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात ज्याला व्हीएलसी हवा होता, त्यानं कुठं जायचं? व्हीएलसीच्या चिन्हातल्या शंकूचं चित्र लावून काहीही उतरवून देणाऱ्या भलत्याच ठिकाणी तो जाऊ शकत होता. पेढा कुणीही वळावा, पण अमक्याचा पेढा म्हणून पाटी लावायची तर तो पेढा त्याचाच असायला हवा. म्हणून नावाला राखण हवी, हे मला पूर्ण मान्य आहे.

राखण कुणी करायची, हा खरा मुद्दा. कोहसुके कावागुची यांनी सन कंपनीत असताना ‘हडसन’ हे साधन लिहिलं. प्रोग्रामर लिहितील तो कोड आपोआप जुळवून, तपासून देणारं ते साधन जगभर वापरलं जाऊ लागलं. 2010 साली ओरॅकलनं सन विकत घेतली आणि हडसन या नावावर हक्क सांगितला. 2011 च्या सुरुवातीला त्या साधनावर काम करणाऱ्या लोकांनी मतदान केलं आणि नवं नाव घेतलं, ‘जेन्किन्स’. सनकडूनच ओरॅकलकडे आलेल्या ओपनऑफिसचंही तेच. सप्टेंबर 2010 मध्ये त्यावर काम करणाऱ्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली आणि ओरॅकलला विनंती केली की जुनं नाव आम्हाला द्या. ते मिळालं नाही. तात्पुरतं म्हणून घेतलेलं ‘लिबरऑफिस’ हे नाव कायमचं झालं. दोन्ही वेळा माणसं निघून गेली, कोड सोबत नेला, आणि नाव रिकाम्या वाड्यावरच्या पाटीसारखं मागे राहिलं. मोकळ्या कोडाची ताकद यात दिसते. पण वर्षानुवर्षं कमावलेली ओळख एका रात्रीत परकी झाली, हेही दिसतं.

लिनक्सवर हीच वेळ आली होती. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एका भलत्याच माणसानं लिनक्स हे नाव आपल्या नावावर नोंदवलं आणि वापरणाऱ्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. तो वाद 1997 साली मिटला आणि नाव टोरवाल्ड्स यांच्याकडे आलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जे साधन दहा जणांनी मिळून वाढवलं, त्याचं नाव पहिल्या दिवसापासून एखाद्या विश्वस्त संस्थेकडे असावं. देवळाची जमीन पुजाऱ्याच्या नावावर लागली की पुढच्या पिढीला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे आपल्या गावांनी पुरेसं पाहिलं आहे.

चित्राबद्दल मात्र एक फार सुंदर उदाहरण आहे. लिनक्सचा पेंग्विन, टक्स, 1996 साली लॅरी यूइंग यांनी काढला, आणि तोही ‘गिम्प’ या मोकळ्या चित्रसाधनात. त्यांची अट एवढीच: माझा आणि गिम्पचा उल्लेख करा, मग चित्र वापरा आणि हवं तसं बदला. त्यामुळे टक्सला कुणी फेटा बांधला, कुणी चष्मा घातला, कुणी हातात भाला दिला; तरी तो टक्सच राहिला. गणपतीच्या मूर्ती जशा गावोगावच्या कुंभारांच्या हातून वेगवेगळ्या घडतात आणि तरी पाहताक्षणी ओळखू येतात, तसं हे झालं. नाव राखा, चित्राला मात्र लोकांत खेळू द्या, हा मध्यम मार्ग टक्सनं दाखवला.

शिवाय चित्राला जीभ लागत नाही. व्हीएलसी ही आद्याक्षरं ज्यांना आठवत नाहीत, तेही ‘तो नारंगी शंकूवाला लाव’ म्हणतात. 1996 साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं. वसतिगृहात रस्त्यावरचे शंकू गोळा करण्याचा त्या मुलांचा छंद, त्यातून ते चिन्ह आलं. आज ज्या माणसानं फ्रान्स नकाशावरही शोधलेला नाही, तोही त्या शंकूला ओळखतो.

आणि चित्रातही भाषा चुकू शकते, हे आपल्याच अक्षरानं जगाला दाखवलं. मीडियाविकी या मोकळ्या सॉफ्टवेअरवर विकिपीडिया चालतो. त्याचा तो तुकड्यातुकड्यांचा गोल सगळ्यांच्या ओळखीचा. 2003 साली तो स्वीकारला, तेव्हा त्यावरच्या देवनागरी तुकड्यात ‘वि’ हे अक्षर हवं होतं. पण ‘व’ आणि वेलांटी यांचा क्रम चुकला होता. संगणकाला तेव्हा देवनागरी नीट मांडता येत नसे, आणि काढणाऱ्याला ती वाचता येत नव्हती. ज्ञानकोशातलं कुठलंही वाक्य कुणीही दुरुस्त करू शकत होतं, पण त्याच्या बोधचिन्हावरची वेलांटी सुधारायला 2010 साल उजाडलं. पहिलीतल्या मुलाच्या पाटीवर बाईंनी लगेच दुरुस्त केली असती अशी चूक कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर सात वर्षं राहिली. जगाच्या नावानं काढलेल्या चित्रात जगातली माणसं बसलेली असायला हवीत, हा त्यातला धडा.

नावांचाही हाच धडा. फ्रान्समध्ये 1984 पासून वाढलेलं, गणिती सिद्धता तपासणारं एक साधन आहे. त्याचं नाव होतं ‘कॉक’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कोंबडा, आणि त्यात तिएरी कोकाँ या संशोधकाच्या नावाची आठवणही होती. पण इंग्रजी कानाला तोच उच्चार अश्लील लागतो. त्यावर काम करणाऱ्या बाईनं परिषदेत उभं राहून आपल्या कामाचं नाव सांगितलं की समोर खसखस पिकणार. 2023 साली त्या लोकांनी नाव बदलायचं ठरवलं. साधन जिथे वाढलं त्या रोकांकूरची आठवण ठेवणारं ‘रॉक’ हे नाव घेतलं, आणि 2025 साली त्याची आवृत्तीही निघाली. काही जण म्हणतील, फ्रेंचांनी आपल्या भाषेतला साधा शब्द इंग्रजांसाठी का सोडावा? आक्षेपात तथ्य आहे. पण ज्यांना रोज ते नाव घेऊन उभं राहावं लागत होतं, त्यांची अडचण मला त्याहून वजनदार वाटते. मराठी कानाला ‘गिम्प’ निव्वळ एक ध्वनी आहे; इंग्रजीत तो अपंगांना हिणवणारा शब्द आहे. 2019 साली काही जणांनी त्यासाठी ‘ग्लिम्प्स’ नावाची वेगळी आवृत्ती काढली. मनुष्यबळ पुरलं नाही, 2021 साली ती थांबली. अपाचे हे एका जित्याजागत्या मूलनिवासी समाजाचं नाव आहे. 2023 साली मूलनिवासी तंत्रज्ञांनी अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला ते बदलायची मागणी केली, त्यानंतर फाउंडेशननं निदान आपल्या परिषदेचं नाव बदललं. आपल्याला लागत नाही म्हणून ते कुणालाच लागत नाही, असं मानणं बरं नव्हे. जातीवरून पडलेली गावांची आणि वस्त्यांची नावं बदलणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता उच्चार. इथे दोन थोर माणसांची दोन टोकं दिसतात. डोनाल्ड क्नूथ यांनी 1978 साली पुस्तकांच्या मांडणीसाठी एक साधन केलं. टी, ई, एक्स ही त्याची अक्षरं. पण त्यांनी आग्रहानं सांगितलं की शेवटचं अक्षर एक्स नव्हे, ग्रीक ‘खी’ आहे, कारण नाव कला आणि कौशल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलं आहे. त्याच साधनावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढचं साधन उभारलं. उच्चाराबद्दल त्यांची भूमिका अशी की लोक वापरता वापरता जो ठरवतील तो खरा. मी या दोघांच्या मध्ये उभी आहे. नाव ठेवणाऱ्याला उच्चार सांगायचा हक्क आहे, आणि ऐकणाऱ्यानं तो आदरानं प्रयत्न करून घ्यावा. पण चुकणाऱ्याला शिक्षा करायचा हक्क कुणालाच नाही.

या कामात आपल्या लिपीची मोठी मदत होते, हे मला मराठीतून शिकवताना कळलं. रोमन लिपीत नाव लिहिलं की उच्चाराचा प्रश्न वर्षानुवर्षं झाकून ठेवता येतो. देवनागरीत पहिल्याच ओळीला ठरवावं लागतं: लिनक्स की लायनक्स? टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या आवाजात हा उच्चार ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. त्यात ‘लाय’ नाही, ‘लि’च आहे, आणि पुढचा ‘न’ ‘नु’कडे झुकतो. लिनक्सच्या एका संचाचं नाव असलेला उबुंटू हा दक्षिण आफ्रिकेतला शब्द, माणुसकी असा त्याचा अर्थ. कित्येक इंग्रजी भाषक त्याचं ‘यूबंटू’ करतात, आपण ‘उबुंटू’ लिहिलं की मूळ उच्चाराच्या जवळ जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’मधला ‘ग’ उच्चारायचा असतो. इंग्रजी जीभ ग्नू याच नावाच्या प्राण्याच्या नावातला ‘ग’ गिळते; अग्नी आणि मग्न म्हणणाऱ्या मराठी जिभेला तो जड जात नाही. क्नूथ यांचा ‘ख’ तर पाहाच. प्राचीन ग्रीकमध्ये ते अक्षर महाप्राण होतं, थेट आपल्या ‘ख’सारखं. इंग्रजीतून शिकलेली मुलं ‘टेक’ म्हणतात. ‘टेख’ लिहिणारा मराठी विद्यार्थी मुळाच्या जास्त जवळ असतो. आपल्या मुलांना लाज वाटते ती इंग्रजी उच्चार न जमल्याची. आणि यातली कितीतरी नावं मुळात इंग्रजी नाहीतच.

देवनागरीलाही सगळं सांगता येत नाही, हे मान्य करायला हवं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळा, हे लिपी सांगत नाही, ते घरात ऐकून कळतं. म्हणजे नाव पोचवायला शेवटी माणूस लागतो, कानाशी वाकणारा. भारतीय भाषांसाठी ‘लोहित’ नावाची मोकळी अक्षरमाला आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी तिची बराच काळ निगा राखली. लोहित म्हणजे तांबडा. परदेशातल्या कुणी रोमन अक्षरं वाचून ‘लोहिट’ म्हटलं, तर आपण काय करू? हसणार नाही. ‘त’ आहे हो, असं सांगू आणि अर्थही सांगू. मग हाच सौजन्याचा न्याय आपल्या मुलांना का नको?

कुणी म्हणेल, नावात काय आहे, काम चालल्याशी कारण. त्या मुलीचं काम चालतच होतं. दूध घालणाऱ्यांना बिल दिसतच होतं. तरी एका उच्चारानं तिचा आवाज खाली गेला. मदत मागायची तर नाव घ्यावं लागतं. नोकरीच्या मुलाखतीत नाव घ्यावं लागतं. जो नाव घ्यायला बिचकतो, तो प्रश्न विचारायला बिचकतो, आणि प्रश्न न विचारणारा माणूस कधीही पुढे येऊन या साधनांत भर घालत नाही. ओपन सोर्स उभं आहे ते भर घालणाऱ्यांवर. तिथे उच्चाराला नावं ठेवणं म्हणजे आपल्याच विहिरीचे झरे बुजवणं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. साधनं घडवणाऱ्यांनी नाव ठेवण्याआधी ते दोनचार परक्या भाषांतल्या माणसांना म्हणायला लावावं, आणि पहिल्याच पानावर उच्चार ऐकायची सोय करावी. मराठीतून शिकवणाऱ्यांनी प्रत्येक नाव देवनागरीत लिहावं. चुकलं तर पुढच्या आवृत्तीत सुधारावं. आणि परीक्षकांनी, वरिष्ठांनी, आधी आलेल्या सगळ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चुकीचा उच्चार ही बहुतेक वेळा एकट्यानं वाचून शिकल्याची खूण असते. ज्यानं तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलाच नाही, त्यानं तो कसा म्हणावा? उणीव असेल तर ती आपली, कारण त्याच्या कानाशी आपण गेलो नाही.

सादरीकरणं संपल्यावर मी त्या मुलीपाशी गेले. तिला सांगितलं, हे साधन इगोर सिसोएव या रशियन प्रोग्रामरनं लिहिलं आणि 2004 साली लोकांसमोर आणलं. ‘इंजिन’ आणि ‘एक्स’ असे दोन तुकडे आहेत. नाव म्हणूनच तसं लिहिलंय, आणि ज्यानं ते ऐकलेलं नाही तो पहिल्यांदा तुझ्यासारखंच वाचतो. तिनं हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं, ‘इंजिन-एक्स, इंजिन-एक्स’. मग वही उघडली आणि पेन्सिलीनं त्या नावाशेजारी देवनागरीत ते लिहिलं, पुढच्या वर्षी ही वही वाचणाऱ्या मुलांसाठी.